मसाज चेअर बिघडली, कंपनी म्हणते ‘व्होल्टेज’

प्रश्न: आईसाठी सात महिन्यांपूर्वी १,४८,००० रुपयांची मसाज चेअर घेतली. वॉरंटी एक वर्षाची. आता डाव्या पोटरीची एअरबॅग फुगत नाही, उजवी फुगते. पाठीचे रोलर मधेच अडकून कर्कश आवाज करतात. टेक्निशियन म्हणाला, व्होल्टेजमुळे आतला सर्किट बोर्ड गेला, वॉरंटीत बसत नाही, २१,५०० रुपये लागतील. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, पैसे भरायची घाई करू नका. व्होल्टेजचं कारण अजून कोणी सिद्ध केलेलं नाही, ते नुसतं तोंडी आहे. वॉरंटीतल्या अपवादावर कंपनी बोट ठेवत असेल, तर तो अपवाद इथे लागू होतो हे तिनेच दाखवायचं. म्हणून जॉबशीट, म्हणजे टेक्निशियनच्या तपासणीची नोंद, लेखी मागा: कोणता भाग निकामी झाला, कशावरून ठरवलं, सॉकेटवर व्होल्टेज किती मोजलं आणि चेअरच्या प्लेटवर किती लिहिलंय.

तुमच्या वर्णनावरून बोर्डाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. एकाच बाजूची बॅग फुगत नसेल, तर दुमडलेली किंवा निसटलेली नळी, फाटलेली बॅग, त्या बाजूचा व्हॉल्व्ह हे आधी तपासायला हवं. रोलर अडकतात तेव्हा गिअर, रुळावरचं ग्रीस आणि मोटरही पाहावी लागते. यातलं काय काय तपासलं, हे टेक्निशियनकडून लिहून घ्या.

तुमची बाजूही पक्की हवी. एक्स्टेन्शन बोर्ड काढून चेअर थेट अर्थिंग असलेल्या भिंतीतल्या सॉकेटला लावा. पायाचा भाग पूर्ण उघडून नळी कुठे दबत नाही ना, ते बघा. ठरलेल्या वेळेनंतर चेअर आपोआप थांबते तो दोष नव्हे, तक्रारीत तो घालू नका. मागचं कव्हर मात्र स्वतः किंवा गल्लीतल्या मेकॅनिककडून उघडू नका. कंपनीला आयतं कारण मिळेल. सिरियल नंबरच्या स्टिकरपासून सुरू करून न थांबवता व्हिडिओ काढा आणि मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. पुढे पुरावा म्हणून व्हिडिओ देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र त्यासोबत द्यावं लागेल.

मग विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही १५ दिवसांची नोटीस, ईमेल आणि स्पीड पोस्टाने. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

नाही मिटलं, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. कंपनी परराज्यातली असली तरी तुम्ही राहता तिथे तक्रार चालते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज होतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘बघतो, कळवतो’ अशा ईमेलांनी ती वाढेल असं धरू नका. दुरुस्ती, ते न जमल्यास बदली, तेही नाही तर व्याजासह किंमत आणि भरपाई, अशी क्रमाने मागणी लिहा. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर कलम ३८ चा आधार घेऊन स्वतंत्र तपासणी मागा.

बिल एखाद्या क्लिनिकच्या किंवा दुकानाच्या जीएसटी नंबरवर असेल, तर खरेदी व्यावसायिक होती, म्हणून तुम्ही कायद्याने ‘ग्राहक’ नाही, असा आक्षेप येईल. तसं असल्यास चेअर घरीच आईसाठी वापरात आहे याचे पुरावे आताच जमवा.

आईला थांबणं शक्यच नसेल आणि पैसे भरावेच लागले, तर ‘हक्क राखून, हरकतीसह’ असं पावतीवर आणि ईमेलमध्ये लिहा, आणि काढलेला बोर्ड परत मागून घ्या. तो पुढच्या तपासणीला लागेल.