वाचकांचे प्रश्न : कॉइल किती अँपिअर मागते?

प्रश्न : मी काही वर्षांपासून लंडनजवळ स्लाऊ येथे राहतो. सिगारेट सोडताना वेपिंगकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे, वळलो. अलीकडे एका मित्राने त्याचा जुना मेकॅनिकल मॉड, म्हणजे चिप नसलेले वेपिंगचे उपकरण, मला दिला. तो एका १८६५० सेलवर चालतो आणि त्यात ०.१५ ओहमची कॉइल (द्रव तापवून वाफ करणारी तारेची गुंडाळी) आहे. दुकानात ३००० आणि ३४०० एमएएचचे (एमएएच म्हणजे सेलमधल्या साठ्याचे माप) सेल मिळतात, तर ऑनलाइन मिळणाऱ्या एका सेलवर ‘४० अँपिअर’ असे छापलेले आहे. यांतला सुरक्षित कोणता समजावा?
— एक वाचक, स्लाऊ (इंग्लंड)

उत्तर : आपल्या सध्याच्या जोडणीसाठी मी कोणताही सेल सुचवणार नाही. त्याचे कारण एका साध्या भागाकारात आहे. पूर्ण चार्ज झालेल्या लिथियम-आयन सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. मेकॅनिकल मॉडमध्ये सेल आणि कॉइल यांच्यामध्ये एका बटणाखेरीज काहीच नसते; चिप नसते, फ्यूजही नसतो. त्यामुळे सेलमधून किती प्रवाह ओढला जाईल, हे ओहमच्या नियमाप्रमाणे एकटी कॉइलच ठरवते. ४.२ ला ०.१५ ने भागले की २८ अँपिअर येतात. प्रत्यक्षात भार पडल्यावर दाब थोडा घसरतो आणि प्रवाहही थोडा कमी होतो, पण हिशेब नेहमी पूर्ण चार्जचाच धरावा.

आता सेलकडे पाहू. १८६५० हे सेलच्या मापाचे नाव आहे : १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य म्हणजे दंडगोल. एवढ्याशा डब्यात साठा आणि प्रवाह यांची ओढाताण चालते. साठा वाढवायचा तर आतल्या धातूच्या पट्ट्यांवर रसायनाचा थर जाड द्यावा लागतो, आणि थर जाड झाला की अंतर्गत रोध वाढून मोठ्या प्रवाहाला सेल तापू लागतो. म्हणूनच सॅमसंगचा २५आर हा २५०० एमएएचचा सेल सतत २० अँपिअर देऊ शकतो, पण त्याच कंपनीच्या ३००० एमएएचच्या ३०क्यू सेलची मर्यादा १५ अँपिअर आहे. सोनीचा व्हीटीसी५ए (सोनीचा बॅटरी व्यवसाय २०१७ साली मुराताकडे गेला) २६०० एमएएचचा असून त्याला २५ अँपिअर झेपतात. आपण म्हणता तसे ३४०० एमएएचच्या वर्गातले सेल मुख्यतः लॅपटॉपसारख्या, प्रवाह बेताचा पण साठा मोठा लागणाऱ्या उपकरणांसाठी घडवलेले असतात. त्यातून २८ अँपिअर मागणे म्हणजे घरगुती स्कूटरला मालट्रक ओढायला लावणे होय. एमएएचचा आकडा मोठा म्हणून सेल चांगला, हा आपल्याकडचा सर्वांत रूढ गैरसमज या बाबतीत नेमका उलटा आहे.

राहिला ‘४० अँपिअर’चा प्रश्न. कित्येक विक्रेते मोठ्या उत्पादकांचे सेल घाऊक घेतात, कधी त्यांतले दुय्यम प्रतीचेही, आणि त्यांवर स्वतःचे वेष्टन चढवून हवा तो आकडा छापतात. पुष्कळदा तो आकडा क्षणभराच्या, म्हणजे ‘पल्स’ प्रवाहाचा असतो आणि तो क्षण किती सेकंदांचा हे कुठेच लिहिलेले नसते. आपल्याला हवा असतो तो सतत प्रवाहाचा आकडा, आणि तोही मूळ उत्पादकाच्या तपशीलपत्रकातला.

कमी रोधाच्या कॉइलची आणखी एक अडचण सहसा कोणी ध्यानात घेत नाही. स्वस्त ओहममापकात ०.०३ ओहमची चूक सहज होते. कॉइल ०.५ ओहमची असेल तर अशा चुकीने प्रवाह ८.४ वरून फार तर ८.९ अँपिअरवर जाईल, म्हणजे फरक नगण्य. परंतु ज्या कॉइलला आपण ०.१५ ओहम समजतो ती प्रत्यक्षात ०.१२ ची निघाली, तर सेलवर ३५ अँपिअरचा भार पडेल आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. मॉड वापरायचाच असेल तर कॉइल ०.३ ओहमच्या खाली नेऊ नये. २० अँपिअरच्या अस्सल सेलवर तेव्हा १४ अँपिअरचा भार पडतो आणि चुकीला जागा उरते. कॉइल आणि द्रव असलेल्या टाकीचा तळ सेलवर थेट टेकणारा हायब्रिड प्रकार असेल, तर मधली पिन आट्यांच्या पुरेशी बाहेर आलेली आहे ना, हे आधी पाहावे. ती आत राहिली तर आट्यांची कडा सेलच्या माथ्याला टेकते आणि सरळ शॉर्ट सर्किट होते.

माझे प्रामाणिक मत विचाराल, तर हा मॉड कपाटात ठेवावा आणि चिप असलेले नियंत्रित उपकरण घ्यावे. मात्र तिथे हिशेब बदलतो. कॉइलचा रोध कितीही असो, सेलवरचा भार उपकरणावर लावलेल्या वॉटवरून, म्हणजे शक्तीवरून, ठरतो, आणि सेल उतरत जाईल तसा तो वाढतो. ६० वॉट, शेवटचा दाब ३.२ व्होल्ट आणि चिपची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर एका सेलवर जवळजवळ २१ अँपिअर येतात. दोन सेलच्या उपकरणात हा भार निम्मा होतो. पण ते दोन्ही सेल एकाच वेळी घेतलेले, एकाच जातीचे आणि कायम जोडीनेच चार्ज केलेले असावेत.

सेल हातात घेऊन त्याचा माथा एकदा नीट न्याहाळावा. धन अग्र म्हणजे मधले छोटेसे बटण. त्याभोवती कागदाची किंवा प्लॅस्टिकची बारीक चकती असते आणि तिच्या कडेपासून खालपर्यंतचा सगळा धातूचा डबा ऋण असतो. धन आणि ऋण यांच्यामध्ये तिथे मिलिमीटरभराचेच अंतर आहे, आणि ते राखते एक पातळ वेष्टन. त्या कडेला नखाएवढा जरी टवका उडाला असला, तरी नवे वेष्टन चढवेपर्यंत सेल वापरू नये. डब्याला पोचा आला असेल तर तो कायमचा बाद करावा. सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीही ठेवू नये. काही पेन्सांना मिळणारी प्लॅस्टिकची डबी त्यासाठीच असते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २०१७ सालच्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या १९५ दुर्घटना नोंदवल्या आहेत, आणि त्यांतल्या ६१ वेळा उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता. त्याच देशाच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊच नयेत, असा इशारा दिला. हे सेल संरक्षक सर्किट असलेल्या बॅटरी-संचात बसवण्यासाठी तयार होतात, हे त्यामागचे कारण आहे.

प्रश्न : वेपिंगशी माझा संबंध नाही, पण टॉर्चसाठी बाजारातून ‘९९०० एमएएच’ लिहिलेला १८६५० सेल आणला. तो तासाभरात उतरतो. सेल बिघडला आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बिघडलेला नाही, आकडा खोटा आहे. या मापाच्या नामवंत कंपन्यांच्या सेलची मजल साधारण ३५०० एमएएचच्या आसपास असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो ठेवून पाहा. अस्सल सेल बहुधा ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. मी तपासलेला असाच एक सेल ३१ ग्रॅमचा निघाला होता.

प्रश्न : सुट्टीत सोलापूरला येताना माझे वेपिंगचे उपकरण बरोबर आणले तर चालेल का?
— एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)

उत्तर : आणू नये. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅमेऱ्यासाठी किंवा टॉर्चसाठी सुटे लिथियम सेल आणायचे असतील, तर ते डबीत घालून हातातल्या सामानातच ठेवावेत. चेक-इनच्या बॅगेत ते चालत नाहीत.