इंग्रजी सुधारतंय हे कळणार कसं?

प्रश्न: ताई, मी कोथरूडला राहते, सहा महिने रोज इंग्रजी शिकतेय पण ऑफिसच्या मीटिंगमधे अजून आधी मनात मराठी वाक्य जुळवते मग बोलते, काही प्रगती होतेय का?

उत्तर: अगं मीटिंगमधे तोंड उघडतेस ना, मग होतेय! दर महिन्याला मोबाईलवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड कर, विषय एकच ठेव, घर ते ऑफिस, कर्वे रोडचं ट्रॅफिक वगैरे, आणि जुनं पुसू नकोस. मी तीन महिन्यांनी ऐकलं तर ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’चं ‘आय हॅव’ झालेलं, कधी झालं मलाच पत्ता नाही, इतका आनंद झाला! ‘अ’ आणि ‘द’ मात्र सुटायचे, मराठीत आर्टिकल्स नाहीतच ना, त्याला वेळ लागतो. पहिलं रेकॉर्डिंग आजच कर.