मेदऊतीतील दाहावर संशोधन करायचे आहे, पण वैद्यकीय पदवी नाही

प्रश्न : मी जीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. लठ्ठपणात चरबीमध्ये दाह सुरू होतो आणि त्यामुळे चयापचय बिघडते, असे वाचल्यापासून याच विषयात काम करावेसे वाटते. आई म्हणते, डॉक्टर झाल्याशिवाय तिथे कोणी विचारणार नाही. मी काय करावे?

उत्तर : आईची काळजी मी समजू शकतो, पण या विषयाचा इतिहास तिच्या भीतीला दुजोरा देत नाही. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाहकारक रेणू जास्त प्रमाणात तयार होतो आणि तो निष्प्रभ केला की इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, हे 1993 मध्ये दाखवणाऱ्या संशोधकांपैकी गोखान होतामिसलिगिल वैद्यक शिकलेले होते, तर ब्रूस स्पीगलमन जैवरसायनशास्त्रातून आलेले होते. तेव्हापासून दोन्हीकडची माणसे इथे खांद्याला खांदा लावून काम करत आली आहेत.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते तुझ्या पत्रातले ‘त्यामुळे’ हे एकच पद. लठ्ठ व्यक्तीच्या मेदऊतीत, म्हणजे चरबी साठवणाऱ्या ऊतीत, भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, मोठ्या संख्येने जमतात, हे पक्के आहे. परंतु त्या बिघाड घडवतात की फुगून मरू लागलेल्या मेदपेशींचे अवशेष उचलायला येतात, या प्रश्नाचे उत्तर अजूनही सरळ नाही. बहुधा दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. दाह शमवला की मधुमेह टळेल, ही आशा माणसांवरच्या चाचण्यांत बरीचशी फोल ठरली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 10,000 हून अधिक रुग्णांवरील कॅनाकिनुमॅब या दाहशामक औषधाच्या चाचणीत दाह उतरला, हृदयविकाराच्या घटनाही कमी झाल्या, पण नव्याने मधुमेह होणाऱ्यांचे प्रमाण घटले नाही. शिवाय मेदऊतीला निरोगीपणे वाढायला थोडा दाह लागतो, असे उंदरांवरील प्रयोग सांगतात. ज्यांच्या शरीरात चरबी साठवणारी ऊतीच जन्मतः जवळजवळ नसते, त्यांनाही तीव्र इन्सुलिन-प्रतिरोध होतो, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, तेव्हा चरबीला सरसकट शत्रू मानून या क्षेत्रात येऊ नकोस.

प्रत्यक्ष काम कसे असते, तेही सांगतो. ऊतीचा तुकडा विकरात (एन्झाइममध्ये) विरघळवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की मेदपेशी वर तरंगतात आणि भक्षक पेशींसह बाकीच्या पेशी तळाशी बसतात. तरंगणाऱ्या पेशी तबकडीत वाढवणे कटकटीचे असते आणि त्या हाताळताना सहज फुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली मेदपेशी रिकाम्या पोळ्याच्या घरांसारख्या दिसतात. त्यांतल्या एखाद्या मृत पेशीभोवती गडद केंद्रकांचे कडे दिसते, ज्याला मुकुटासारखी रचना म्हणतात. अशी कडी तासन् तास मोजावी लागतात.

म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी जवळच्या एखाद्या प्रयोगशाळेला पत्र लिही आणि दोन महिने मदतनीस म्हणून काम करू देण्याची विनंती कर. कडी मोजताना सूक्ष्मदर्शकाखालची पुढची काचपट्टी पाहण्याची ओढ टिकली, तर रोगप्रतिकारशास्त्र किंवा जैवरसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घे आणि सोबत संख्याशास्त्र मनापासून शिक; कारण आणि परिणाम वेगळे करण्याचे काम त्यावाचून होत नाही. मात्र काचपट्टी हाती घेताच ही ऊती कोणाची, त्या माणसाचे पुढे काय झाले, हेच मनात येऊ लागले, तर वैद्यकाचा लांबचा रस्ता धर. तेव्हा आईचा सल्लाही तुला तुझाच वाटेल.