वाचकांचे प्रश्न : हवामान केंद्राची नोंद चुकते कुठे?

प्रश्न : आमच्या गटाने स्वयंचलित हवामान केंद्र बसवले आहे. जोराच्या पावसात शेजारच्या साध्या पर्जन्यमापकात 71 मि.मी. भरला, केंद्राने 60च दाखवला. कोणता आकडा धरायचा?
– शेतकरी गट, औसा (जि. लातूर)

उत्तर : साध्या मापकाचा. मात्र आधी दोन्ही नोंदी त्याच 24 तासांच्या आहेत ना, ते बघा. साधे मापक सकाळी 8.30 ला मोजतात, बरीच यंत्रे मध्यरात्री दिवस बदलतात. मोजपात्रही मापकाच्या जोडीचेच हवे. 100 चौ.सेंमी. तोंडाच्या मापकाचे पाणी 200 च्या पात्राने मोजले तर पाऊस निम्मा दिसतो.

हे बरोबर असेल तर दोष बहुधा टिपिंग बकेटचा. दोन कप्प्यांचे हे झुलते भांडे उलटत असताना वरून येणारे पाणी आधीच भरलेल्या कप्प्यात पडते आणि मोजलेच जात नाही. रिमझिमीत हे जाणवत नाही, मुसळधारेत तूट वाढत जाते. त्यात नरसाळ्यात सोयाबीन-तुरीच्या मळणीचा भुसा, चिमण्यांच्या काड्या अडकल्या असतील, तर पाणी झिरपत राहते आणि पाऊस थांबल्यावरही टिपा (भांडे एकदा उलटले की एक टीप) पडतात.

आपल्या काळ्या जमिनीत आणखी एक दोष हमखास येतो. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि खांब कलतो. भांडे तिरपे झाले की एक कप्पा लवकर उलटतो, दुसरा उशिरा. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोल घ्या आणि मृगाच्या आधी, तसेच पहिल्या मोठ्या पावसानंतर गवंड्याच्या पाणसळीने समतल तपासा.

मग ही चाचणी करा. नरसाळ्याचा आतला व्यास 16 सें.मी. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 200 चौ.सें.मी. एका टिपेला 0.2 मि.मी. असेल तर टिपेमागे 4 मि.ली. पाणी लागते. तळाला बारीक छिद्र पाडलेल्या बाटलीतून 400 मि.ली. पाणी अर्ध्या तासात सोडा. 100 टिपा पडायला हव्यात. 97 ते 103 पर्यंत ठीक. जास्त पडल्या तर कप्प्यांखालचे दोन्ही स्क्रू सारखेच खाली घ्या, कमी पडल्या तर वर. एकच स्क्रू फिरवून आकडा जुळवू नका, समतोल बिघडतो. चाचणीच्या टिपा पावसाच्या नोंदीतून काढायला विसरू नका.

जागाही बघा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडा, चौपट मिळाले तर उत्तम. साध्या मापकाचे तोंड जमिनीपासून 30 सें.मी. वर हवे. उंच खांबावर वाऱ्याने थेंब बाजूला वाहून जातात आणि पाऊस कमी भरतो.

प्रश्न : शाळेच्या गच्चीवरचे केंद्र दुपारी 2-3 अंश जास्त तापमान दाखवते. सेन्सर बदलावा का?
– शिक्षक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : घाई नको. पहाटे, सूर्योदयाआधी चांगल्या तापमापीशी ताळा करा. तेव्हा आकडा जुळत असेल आणि फरक दुपारीच पडत असेल, तर सेन्सर निर्दोष आहे, दोष तापलेल्या स्लॅबचा आणि उन्हाचा आहे. फरक दिवसरात्र सारखाच असेल तरच सेन्सरची शंका घ्या. केंद्र मोकळ्या मातीवर किंवा गवतावर, जमिनीपासून 1.25 ते 2 मीटर उंचीवर, एकावर एक ताटल्या रचलेल्या पांढऱ्या कवचात हलवा. पत्रे, विहिरीची मोटर, डांबरी रस्ता लांब हवा. कवच धुळीने पिवळे पडले की ऊन शोषते, म्हणून सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. पंख्याचे कवच असेल तर पंखा फिरतो का ते रोज बघा. आर्द्रतेचा जोडसेन्सर असेल तर तो बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासू नका, खराब होतो.

प्रश्न : आमच्या केंद्राच्या नोंदीवर अतिवृष्टीची मदत मिळेल का?
– वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर : नाही. 24 तासांत 65 मि.मी.चा निकष महसूल मंडळातल्या शासकीय केंद्राला लागतो. तुमची नोंद उपयोगी पडते ती पेरणीला. 75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नये म्हणतात, आणि तो तुमच्याच शिवारात पडलेला हवा. त्यामुळे रोज 8.30 ला वहीत तारीख, मि.मी. आणि नरसाळे साफ केले का, एवढे लिहा.