यॉर्क: लिस्टेड घराच्या खिडक्या आणि भिंतींचा फेरा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात वॉल्मगेटजवळ बघितलेल्या ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीतल्या घराच्या जुन्या लाकडी खिडक्या काढून डबल ग्लेझिंगवाल्या, म्हणजे दुहेरी काचेच्या, प्लास्टिकच्या बसवता येतील का, आणि उन्हाळ्यात आईबाबा आले की शहराच्या जुन्या तटाच्या भिंतींवरून अख्खा फेरा त्यांना झेपेल का. पहिल्याचं उत्तर नाही असंच धरून चाला, दुसऱ्याचं म्हणाल तर एक तुकडा आरामात होईल, अख्ख्याचा हट्ट धरू नका.

आधी खिडक्या, कारण त्यात पैसे अडकतात. ग्रेड टू म्हणजे दुय्यम, थोडं इकडेतिकडे चालतं असं इस्टेट एजंट गोड बोलून पटवतात, ऐकू नका. इंग्लंडमधल्या लिस्टेड इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टूच आहेत आणि कायदा तिन्ही ग्रेडना तोच, ग्रेड वन काय, टू-स्टार काय नि टू काय. घर आतूनबाहेरून लिस्टेड असतं, म्हणजे जिना, फायरप्लेस, दारं, सगळं आलं. यादीतल्या वर्णनात खिडकीचा उल्लेख नाही म्हणजे ती मोकळी, असंही नाही. घराचं स्वरूप बदलणारं काम कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, कन्सेंटशिवाय (लेखी परवानगीशिवाय) केलंत तर तो थेट फौजदारी गुन्हा, आणि गंमत म्हणजे कन्सेंटच्या अर्जाला फी नाही, तरी लोक टाळतात. त्याहून वाईट म्हणजे आधीच्या मालकाने गुपचूप काही केलं असेल तर शिक्षा त्याला होईल पण ते पूर्ववत करायची नोटीस तुमच्या दारात येणार, आणि त्याला मुदत नाही, वीस वर्षांनीही येऊ शकते. घराचे व्यवहार बघणाऱ्या वकिलाला, म्हणजे सॉलिसिटरला, जुनी कन्सेंटची कागदपत्रं मागायला सांगा, त्याशिवाय सही करू नका.

थंडीचं काय, तर जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी काच, सेकंडरी ग्लेझिंग म्हणतात ते, बहुतेक वेळा मान्य होतं, पण कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला, म्हणजे जुन्या इमारती बघणाऱ्या अधिकाऱ्याला, आधी विचारा. लाकूड कुजलं असेल तर अख्खी चौकट न टाकता कुजलेला तुकडा कापून नवीन सांधतात. आणि हो, भिंतीतल्या दरजा कुणी सिमेंटने भरायला निघालं तर हात जोडून थांबवा. आपल्या जुन्या वाड्यांसारखंच हे काम चुन्याचं, सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं आणि मग विटेचा पापुद्रा सुटायला लागतो.

आता भिंती. साधारण ३.४ किलोमीटर, आत्ता जे दिसतं ते बरंचसं तेराव्या-चौदाव्या शतकातलं, फिकट पिवळसर चुनखडीच्या दगडाचं. रोमन लोकांनी इथे इ.स. ७१ च्या सुमारास छावणी टाकली, तिच्या तटाचा भाग म्युझियम गार्डन्समधल्या मल्टँग्युलर टॉवरमध्ये उघडा दिसतो, खाली बारीक रोमन दगड आणि वर मोठे मध्ययुगीन, जोड डोळ्यांनी कळतो. तिथे तिकीट नाही, पाच मिनिटं थांबाच.

पण हे सगळं सरकारने जपलं म्हणून उरलंय असं लोक समजतात ते खरं नाही. १८०० साली इथल्या कॉर्पोरेशननेच, म्हणजे नगरपालिकेनेच, भिंती पाडायला संसदेची परवानगी मागितली होती, दुरुस्तीचा खर्च नको आणि वेशी अरुंद म्हणून. गावातल्या लोकांनी विरोध केला, पुढे विल्यम एटी हा इथलाच चित्रकारही त्यात उतरला, आणि भिंती वाचल्या, पण बुथम, मंक आणि मिकलगेट या वेशींपुढचे बार्बिकन, म्हणजे वेशीबाहेरचं भिंतींनी बंद केलेलं अंगण, ते पाडलंच. एकट्या वॉल्मगेट बारचं राहिलं (इथे वेशीला बार म्हणतात), अख्ख्या इंग्लंडमध्ये शहराच्या वेशीला असं दुसरं उरलेलं नाही आणि तुमचं घर त्याच्याजवळ. त्याच वेशीच्या आतल्या बाजूला दगडी खांबांवर तोललेलं लाकडी घर आहे ते बघा, १६४४ च्या, इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या वेढ्यात या वेशीने बराच मार खाल्ला होता. मिकलगेट बारवर राजद्रोह्यांची मुंडकी टांगायचे, १४६० मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कचंच टांगलं होतं. रेल्वेसाठी भिंतीत कमानी पाडल्या त्यावर इथले लोक अजून कुरकुरतात, मला तरी त्या वाईट दिसत नाहीत.

आईबाबांना बुथम बारला चढवा आणि मंक बारला उतरवा. मिन्स्टर, म्हणजे इथलं मोठं कॅथेड्रल, पूर्ण वेळ उजव्या हाताला, मागच्या बागांसकट, रमतगमत अर्धा तास. दोन्ही टोकांना पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, लिफ्ट नाही, आणि काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही, तेव्हा बाबांचे गुडघे बघून ठरवा. सकाळी आठला उघडतात, अंधार पडायच्या आत बंद, बर्फाने निसरडं झालं की त्या दिवशी बंदच. भिंतीवरच्या रेड टॉवर या बुरुजापासून लेयरथॉर्प या भागाकडे जाताना भिंत एकदम संपते तेव्हा चुकलो असं वाटून मागे फिरू नका, तिथे पूर्वी मोठं तळं होतं त्यामुळे भिंत बांधलीच नव्हती, रस्त्याने चालत जाऊन पुढे परत चढायचं.