न हलणारा केस किती वाढतो?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी आहेत. आजार आनुवंशिक आहे. डॉक्टर बोलता बोलता म्हणाल्या, ‘हा सिलियाचा आजार.’ पेशीवरच्या एवढ्याशा केसाचा आणि गाठींचा काय संबंध? तो किती वाढायचा हे कोण ठरवतं? आणि तो आखूड झाला म्हणून गाठी होतात का?

उत्तर : तुमचा मधला प्रश्न हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून आधी तोच घेते.

आपल्या बहुतेक पेशींवर असा एकेकच केस असतो. त्याला प्रायमरी सिलियम म्हणतात. श्वासनलिकेतल्या सिलियासारखा तो हलत नाही, जागेवर राहून बाहेरचा कानोसा घेतो. लांबी साधारण १ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची. त्याच्या आतला कणा सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्यांचा असतो. जोडीतली एक नळी पूर्ण, १३ धाग्यांची. तिला चिकटलेली दुसरी १० धाग्यांची. हे धागे ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या मण्यांचे.

पेशीत इतरत्र याच मण्यांच्या नळ्या सतत वाढतात आणि ढासळतात. सिलियमातल्या मात्र टिकून राहतात. हा फरक आम्ही प्रयोगशाळेत अगदी साध्या युक्तीने वापरतो. पेशी रंगवण्याआधी काचपट्टी थोडा वेळ बर्फावर ठेवायची. थंडीने आतल्या बहुतेक नळ्या विरघळतात, सिलियम तसाच राहतो. मग टिकाऊ नळ्यांवरची खूण ओळखणारं रंगीत प्रतिपिंड टाकायचं. सूक्ष्मदर्शकात काळोख दिसतो, त्यात निळी केंद्रकं, आणि प्रत्येकाच्या कडेला स्वल्पविरामाएवढी एक हिरवी रेघ. इतक्या वर्षांनंतरही ती दिसली की मी क्षणभर थांबते.

ती खूण म्हणजे ट्यूब्युलिनवर चिकटवलेला ॲसिटिल गट. अल्फा-टॅट-१ नावाचं प्रथिन नळीच्या आतल्या बाजूने तो लावतं. अशी नळी वाकली तरी सहजी मोडत नाही.

टिकाऊ असली तरी तिची डागडुजी चालूच असते. सिलियमच्या आत प्रथिनं तयार होत नाहीत, त्यामुळे प्रत्येक मणी बुडातून शेंड्यापर्यंत वाहून न्यावा लागतो. नळीवरून चालणारं कायनेसिन-२ हे वाहक प्रथिन हे काम करतं. त्याच्या मालगाडीत आयएफटी-७४ आणि आयएफटी-८१ ही प्रथिनं ट्यूब्युलिन धरून ठेवतात. परतीची वाहतूक डायनीन-२ करतं. ही ये-जा पहिल्यांदा दिसली ती १९९३ मध्ये, येल विद्यापीठात जोएल रोझेनबाम यांच्या प्रयोगशाळेत, क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शेवाळाच्या शेपटीत. ही शेपटी म्हणजे सिलियमचाच हलणारा भाऊ. पुढे २००१ मध्ये त्यांनी आणि वॉलेस मार्शल यांनी त्याच शेपटीबद्दल दाखवलं, की शेंड्यावरचे मणी सतत गळत असतात आणि सतत नवे बसत असतात. शेपटी जसजशी लांबते तसतशी भर मंदावते, गळती मात्र त्याच वेगाने चालू राहते. दोन्ही सारख्या झाल्या की वाढ थांबते. लांबी मोजणारी वेगळी पट्टी कुठे लागतच नाही, हे मला फार सुंदर वाटतं.

आपल्या पेशींत शेंड्यावर आणखी एक राखणदार असतो, किफ-७. तो कायनेसिनच्या कुळातला, पण इतरांसारखा चालत नाही. शेंड्याशी राहून वाढीला आवर घालतो. तो नसेल तर सिलियम लांबतो, शेंड्याची घडण बिघडते, आणि गर्भात हातापायांची बोटं किती हे ठरवणारा हेजहॉग संदेशही चुकतो.

पेशीला विभागायचं असलं की सिलियम मोडावा लागतो. ऑरोरा-ए हे प्रथिन जागं होऊन एचडॅक-६ ला कामाला लावतं, ते ॲसिटिलची खूण पुसतं; किफ-२ए नळीची टोकं उलगडतं. उपाशी ठेवलेल्या पेशींना पुन्हा सीरम, म्हणजे वाढीला लागणारा रक्तातला द्रव, दिलं की दोनएक तासांत त्या हिरव्या रेघा आखडू लागतात.

आता गाठी. २००० साली असं दिसलं, की त्याच मालगाडीतलं आयएफटी-८८ हे प्रथिन बिघडलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात सिलिया खुरटलेले असतात, आणि त्यांना गाठीही होतात. निरुपयोगी अवशेष समजल्या जाणाऱ्या या केसाकडे वैद्यकाचं लक्ष तिथून वळलं. म्हणून तुमची शंका रास्तच आहे. पण मोठ्या माणसांत सर्रास दिसणाऱ्या आनुवंशिक प्रकारात दोष असतो तो पीकेडी-१ किंवा पीकेडी-२ या जनुकांत. त्यांची प्रथिनं, पॉलिसिस्टिन, सिलियमच्या आवरणात बसतात. नळ्या शाबूत असतात. २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात पॉलिसिस्टिनबरोबर सिलियमही काढून टाकला, तेव्हा गाठींची वाढ उलट मंदावली. म्हणजे केसातून वाढीचा काहीतरी निरोप जातो आणि पॉलिसिस्टिन त्याला लगाम घालतं. तो निरोप नेमका कुठला, यावर काम चालू आहे. तेव्हा केस लांब करणं हा यावरचा उपाय नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, दोष पीकेडी-१ मध्ये आहे की पीकेडी-२ मध्ये. दुसऱ्यात आजार सहसा उशिरा आणि सौम्य येतो. दोन्हींत प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून तुम्हा भावंडांनी रक्तदाब आताच तपासून घ्या आणि सोनोग्राफीबद्दल त्यांच्याशीच बोला.