वाचक विचारतात : ऑस्ट्रेलियात गावोगावचे पेपर कसे सुरू झाले?

प्रश्न : मुलगी मेलबर्नला असते. पहिल्यांदा गेलो तेव्हा दारात एरियाचा फुकट पेपर पडायचा, आता दिसत नाही. तिकडे लोकल पेपर बंदच झालेत का?

उत्तर : सगळे नाही, पण बरेच. 2020 मध्ये कोविडने जाहिराती आटल्या आणि न्यूज कॉर्प या एकट्या बड्या वृत्तपत्र कंपनीनेच 100हून जास्त लोकल पेपरांची छपाई थांबवली, काही नुसते ऑनलाइन राहिले, काही कायमचे गेले.

सुरुवात मात्र मजेशीर आहे बरं का. तिथला पहिला पेपर 'सिडनी गॅझेट', 1803 चा, आणि तो छापणारा जॉर्ज हाऊ हा शिक्षा होऊन आलेला कैदी! मजकूर आधी सरकारला दाखवायचा, मगच छापायचा.

माझा आवडता किस्सा ब्रोकन हिलचा. वाळवंटाच्या कडेला चांदी-शिशाच्या खाणींचं गाव, तिथं कामगार युनियननी स्वतःच्या मालकीचा पेपर काढला, 'बॅरियर डेली ट्रूथ', 1908 मध्ये तो रोजचा झाला. म्हणजे खाणमालकाविरुद्धची बातमी दाबायला मालकच नाही, हे आपल्याकडच्या किती पेपरांना जमेल सांगा!

बाकी गावच्या पेपरात काय तर कोण वारलं, शनिवारी 'फुटी'ची, म्हणजे तिकडच्या फुटबॉलची, मॅच कोण जिंकलं, गुरांच्या बाजारात काय भाव निघाला. क्षुल्लक वाटतं, पण लोक आधी तेच उघडतात.

जुने अंक बघायचे असतील तर तिथल्या नॅशनल लायब्ररीच्या 'ट्रोव्ह' या वेबसाइटवर घरबसल्या फुकट वाचता येतात, स्कॅनिंगमधल्या चुका वाचकच सुधारतात, तुम्हीही सुधारू शकता.